वरच्या मजल्यापर्यंत पोचणारा राउटर

३ तारीख, सोमवार

ही वही प्रॅक्टिकलची. तिसऱ्या सत्रात विभागप्रमुखांच्या टेबलावर फाईल आपटून मी कॉलेजातून निघालो, तेव्हा हिची पाचच पानं भरली होती. ती आज टराटरा फाडली. आता हिच्यात खरं काहीतरी लिहिणार आहे, कारण वर्षभरात पहिल्यांदाच घरात कोणाला तरी माझी गरज पडली आहे!

झालं असं. सकाळी ताईला ऑफिसची मेल आली. ताई सध्या माहेरी आहे, सातवा महिना सरत आलाय, भाऊजी जहाजावर. ती घरूनच काम करते. कुठकुठल्या दवाखान्यांतले डॉक्टर बोलून ठेवतात, ही कानाला हेडफोन लावून ऐकते आणि रुग्णांचे रिपोर्ट टाईप करते. कोणाच्या मूत्रपिंडात खडा, कोणाच्या छातीत डाग, सगळं तिच्या मशीनमधून जातं. मेलमध्ये लिहिलंय की अशी खाजगी माहिती आता कुठल्याही ऐऱ्यागैऱ्या वाय-फायवरून जाता कामा नये. राउटर असा हवा की बनवणारी कंपनी त्याला अजून सुरक्षेचे अपडेट देतेय. कुलूप नव्या पद्धतीचं, डब्ल्यूपीए-३, हवं. ऑफिसचं मशीन घरातल्या बाकी उपकरणांपासून वेगळं हवं. आणि घराबाहेरच्या एकाही माणसाकडे पासवर्ड नको. चौदा तारखेला एक बाई व्हिडिओवर येऊन तपासणार. नापास झालं, तर पुढच्या महिन्यापासून ऑफिसात येऊन बसायचं.

ऑफिस बसनं पाच तास. डॉक्टरीणबाईंनी ताईला गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा गाडीत बसू नको म्हणून बजावलंय.

"म्हणजे नोकरी सोडायची," ताई म्हणाली आणि ताट तसंच ठेवून उठली.

आमचा राउटर म्हणजे फ्रीजवर बसलेला एक डबा. नेटवाल्यांनी नऊ वर्षांपूर्वी लावून दिलेला. एक अँटेना मोडली आहे, ती रबरबँडनं बांधली आहे. त्याची सेटिंग उघडायचा पासवर्ड लावून देणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही.

मी म्हणालो, "मी बघतो."

बाबा म्हणाले, "तू?" एवढंच. पण त्या 'तू'मध्ये माझं सगळं शिक्षण आलं.

आई म्हणाली, "मागे मिक्सर बघितला होतास. तेव्हापासून तो आपला आपणच सुरू होतो."

हसा. हसून घ्या.

आता जे कोणालाच सांगितलेलं नाही ते लिहितो. आमच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, भाड्याच्या खोलीत ती राहते. चष्म्याच्या दुकानात काम करते. चार महिन्यांपूर्वी जिन्यात म्हणाली, "ए तळमजला, तुमच्याकडे नेट आहे ना? पासवर्ड देतोस? माझं पुढच्या आठवड्यात येतंय." तळमजला! असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी तिथल्या तिथे तिच्या फोनमध्ये पासवर्ड टाकून दिला आणि वर चिठ्ठीवर लिहूनही दिला. तो पुढचा आठवडा अजून आलेला नाही. येऊही नये.

रोज साडेसातला ती खिडकीत येते, कारण आमचं नेट तिच्याकडे खिडकीपाशीच नीट लागतं. मी खाली सायकल पुसत असतो. ती फोनकडे बघते आणि हसते. आमच्या नेटवर हसते! मध्येच खाली बघून हातही करते. चार महिन्यांत सायकल इतकी पुसली आहे की रंग उडायला लागलाय.

नवा राउटर घ्यायचा तर असा घ्यायचा की नेट तिच्या खोलीभर पसरेल. ताईचं काम आणि माझं काम, एकाच खोक्यात. दैव म्हणतात ते हेच.

४ तारीख, मंगळवार

आधी चष्म्याच्या दुकानात गेलो. डोळे तपासले. तिसऱ्यांदा. तिनं शेवटची बारीक ओळ वाचायला सांगितली, मी मुद्दाम दोन अक्षरं चुकवली.

"गेल्या वेळी तर बरोबर वाचली होतीस."

"नजर बिघडतेय बहुतेक."

"काही बिघडलेली नाही. आता वर्षभर इकडे फिरकू नकोस," म्हणाली आणि हसली. माझी मागची तपासणी तिला आठवते! एवढ्या गिऱ्हाइकांमधून!

मग केबलकाकांच्या दुकानात. काका म्हणजे काउंटरमागे वायरींच्या जंगलात बसलेला माणूस, कानावर पेन, नाकावर घसरलेला चष्मा, प्रत्येक प्रश्नाला उलट प्रश्न. फडताळावर राउटरचे खोके. मला तर जत्रेत आल्यासारखं झालं! एकावर लिहिलंय 'अभेद्य कवच', एकावर 'घराचा डिजिटल पहारेकरी'. मधोमध तो. काळा कुळकुळीत, आठ अँटेना, पोटाखाली लाल दिवा. पालथा पडलेला खेकडाच. त्याच्या खोक्यावर सुरक्षेच्या एकवीस गोष्टी छापल्या आहेत, मी उभ्या उभ्या मोजल्या.

"काका, हा किती लांब पोचतो?"

"तुझं घर केवढं?"

"दोन खोल्या आणि स्वयंपाकघर."

"मग लांब कुठे जायचंय तुला?"

मी म्हणालो, "भविष्याचा विचार करावा माणसानं."

काकांनी खालच्या कप्प्यातून एक करडा, चपटा, पाव किलोच्या साबणाच्या वडीसारखा डबा काढला. "हा ने. पाच वर्षं अपडेट देणार असं लेखी दिलंय, रात्री आपलं आपण करून घेतो. डब्ल्यूपीए-३ आहे. पाहुण्यांचं नेट वेगळं, कामाचं वेगळं, ते पण यातच आहे."

"आणि खेकड्यात?"

"त्यातली निम्मी सुरक्षा वर्षभर चालते. पुढे वर्गणी भरलीस तर पहारा, नाही भरलीस तर पहारेकरी घरी. आणि अपडेट कधीपर्यंत देणार ते खोक्यावर आहे का बघ."

नव्हतं. पण आठ अँटेना होत्या.

६ तारीख, गुरुवार

दोन दिवस नुसता वाचतोय. जेवायला तीनदा हाक मारावी लागते. ही वही उलटीकडूनही सुरू केली आहे, तिथे तक्ता काढलाय: फायरवॉल, अपडेट, कुलूप, पाहुण्यांचं नेट, धोक्याच्या साइट अडवणं, मुलांसाठी वेळेची मर्यादा. सहा राउटर, चौदा रकाने. ताई मागून येऊन बघत उभी राहिली.

"कॉलेजात असताना असा एक तरी तक्ता काढला होतास का रे?"

"तिथे असं काही शिकवतच नव्हते!"

"शिकवत होते. पाचव्या सत्रात होतं. मी तुझ्या अभ्यासक्रमाचं पुस्तक वाचलंय."

हिला काय गरज होती वाचायची?

दुपारी आईला फायरवॉल समजावली. म्हटलं, "आई, बाहेरून कोणी आपणहून आत यायला लागलं तर ती दारातच अडवते. आपण आतून कोणाला बोलावलं तरच सोडते."

"म्हणजे मी," आई म्हणाली.

एक गोष्ट मात्र जबरदस्त कळली! राउटरवर एक बटण असतं, दाबलं की पासवर्ड न टाकता कोणीही जोडलं जातं. सोय म्हणून दिलेलं, आणि तेच भोक. ते आधी बंद करायचं. सेटिंगचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलायचा, कारण तो सगळ्या जगाला माहीत असतो. नऊ वर्षं आम्ही दार सताड उघडं टाकून आत वाढून घेत होतो!

बाबा संध्याकाळी किल्ल्यांचा डबा घेऊन घरी आले. ते चौकात बसतात, कुलपं दुरुस्त करतात, किल्ल्या करून देतात. त्यांना मी डब्ल्यूपीए-३ सांगितलं. नवं कुलूप कसं, कोणी बाहेर बसून लाख किल्ल्या लावून बघितल्या तरी उघडत नाही, वगैरे. ते चहा पीत ऐकत होते.

"कुलूप झकास आहे," म्हणाले. "किल्ल्या किती जणांकडे आहेत?"

"म्हणजे?"

"माझ्याकडे कोणी कुलूप घेऊन आलं की मी आधी हेच विचारतो. नावं सांगा म्हणतो. नावं सांगता येत नसतील तर कुलपाचं नाव सांगू नका."

"घरच्यांकडेच आहेत," मी म्हणालो आणि पाण्याचा तांब्या भरायला उठलो. तो भरलेलाच होता.

८ तारीख, शनिवार

भांडलो. लिहितानाही कान तापलेत.

केबलकाकांकडे खेकडा मागितला, तर देईनात! म्हणे, "ताईचं काम आहे म्हणतोस, मग वडी ने."

मी म्हटलं, "तुमचा जुना माल माझ्या गळ्यात मारताय."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. काकांनी कानावरचं पेन काढून काउंटरवर ठेवलं. "वडी गेल्या महिन्यात आली आहे. खेकडा दोन वर्षं फडताळावर आहे. जुना माल कोणता, ते तारीख वाचून सांग."

तिथे गप्प बसायला हवं होतं. पण माझं कुठलं! "गिऱ्हाइकाला काय हवं ते द्यायचं सोडून अक्कल वाटताय," असं मोठ्यांदा बोललो. काकांनी पेन परत कानावर अडकवलं आणि खेकडा पिशवीत घातला.

घरी आई म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." पण खोका उघडल्यावर सगळेच वाकून बघायला लागले. लाल दिवा लागला, तेव्हा बाबा म्हणाले, "चावतो का?"

उद्या जोडणार!

९ तारीख, रविवार

जोडला. आणि बोंबललं.

पहिल्यापासून लिहितो. नवा राउटर लावताना वाय-फायला नवं नाव, नवा पासवर्ड द्यावा, असं मीच तक्त्याखाली लाल पेनानं लिहिलं होतं. पण मी जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड टाकला. आईला सांगितलं, "सगळे फोन आपोआप जोडले जातील, परत परत टाकायला नको." ते खरंच आहे. पण खरं कारण डोक्यावर राहतं. तिचं नेट मिनिटभर तरी का तुटावं?

खेकड्याचं अ‍ॅप झकास. कोण जोडलंय त्याची यादी दिसते, जुन्या डब्यात हे कधी दिसलंच नव्हतं. ताई शेजारी बसली होती. मी म्हटलं, "बघ आता. एक तुझं मशीन, तुझा फोन, आईचा, बाबांचा, माझा आणि टीव्ही. सहा." मनात म्हटलं, सात.

यादी भरायला लागली. सहा झाले. सात झाले, मी मनात हसलो. आठ. नऊ. मी अ‍ॅप बंद करून परत उघडलं. बारा. एक टीव्ही आमचा, आणखी दोन कोणाचे तरी. 'आजोबांचा टॅब'. 'पैलवान'. 'पैलवान २'. एक प्रिंटर! तीन मिनिटांत पंचवीस!

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात ना. इथे अख्खी वरात.

ताई खुर्ची पुढे ओढून मोजायला लागली. "हे एकोणीस कोण आहेत? आणि मी या नेटवर लोकांचे रिपोर्ट पाठवतेय?"

"कोणीतरी हॅक केलंय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मी पासवर्ड एकीलाच दिला होता, आणि ती असं करणाऱ्यातली नाही.

'पैलवान' म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा तो व्यायामवाला, हे शेंबडं पोरही सांगेल. तसाच वर गेलो. तो दारात डंबेल घेऊन उभा. मी म्हटलं, "आमचं नेट चोरतोस? लाज नाही वाटत?"

त्यानं डंबेल खाली ठेवलं. मी एक पायरी मागे झालो, पण आवाज कमी केला नाही.

"चोरतोय कशाला? मीटरच्या पेटीत लिहून लावलंय की! मला वाटलं बिल्डिंगचंच आहे. बरं झालं आलास, कालपासून हळू चालतंय."

खाली येऊन मीटरची पेटी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी. माझी नव्हे, नवी लिहिलेली. आमच्या वाय-फायचं नाव, पासवर्ड. आणि खाली: 'नेट हळू असेल तर तळमजल्यावरच्या दादाला सांगा, तो लगेच बघतो.'

तिचं अक्षर. चष्म्याच्या नंबरच्या कागदावर तीनदा बघितलंय, चुकणार नाही. काय वळणदार! 'ळ' तर असा काढलाय की बघत राहावं.

दादा हे बाकीच्यांसाठी लिहिलं असणार. त्यांना काय 'तळमजला' म्हणून हाक मारायला सांगणार? आणि तिनं पासवर्ड लावला तो सगळ्यांच्या भल्यासाठी. मन मोठं आहे तिचं. मीच सांगायला हवं होतं की हे फक्त तुझ्यासाठी. ते मी चार महिन्यांत सांगू शकलो नाही, यात तिची काय चूक?

चिठ्ठी काढून खिशात ठेवली. ताईला म्हणालो, "सापडलं भोक, बुजवतो."

१० तारीख, सोमवार

आणखी एक धक्का. खेकड्याला शेवटचा अपडेट कधी आला ते शोधलं. दोन वर्षांपूर्वी. आणि ऑफिसचं मशीन वेगळं ठेवायची सोय आहे, पण वर्गणीत. म्हणजे पहिल्याच अटीला आम्ही नापास! चार दिवस उरलेत.

केबलकाकांकडे जावं लागणार. गेलो. दुकानावरून तीनदा पुढे गेलो. चौथ्यांदा काकाच आतून म्हणाले, "अरे, रस्ता झिजेल. ये आत."

मी म्हणालो, "चुकलं काका."

"काय चुकलं? राउटर की तोंड?"

"दोन्ही."

"उघडलेला खोका मी परत घेत नाही." मग तिरक्या नजरेनं माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं. "दाखव ते." तक्ता चष्मा वर करून वाचला, शेवटच्या रकान्यापर्यंत. एका ठिकाणी कानावरच्या पेनानं दुरुस्तीही केली. मग वडी काउंटरवर ठेवली. "खेकडा इथे राहू दे. त्याबदल्यात दोन दुपारी येऊन बस. लोकांचे दुरुस्तीचे अकरा राउटर पडलेत, सगळ्यांना अपडेट घालायचे, कारखान्याचे पासवर्ड बदलायचे. करशील?"

करशील काय विचारता! मी तेव्हाच बाही वर केली होती.

११ तारीख, मंगळवार

वडी लावली! नवं नाव, नवा पासवर्ड, एकवीस अक्षरी. ताईचं मशीन स्वतंत्र खोलीत बसवल्यासारखं वेगळं. घरचे फोन नव्या कुलपाखाली. ते भोकाचं बटण बंद. यादीत सहा. मोजून सहा! ताईनं स्वतः तीनदा मोजले आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. ती लग्न होऊन गेल्यापासून अशी टपली खाल्ली नव्हती.

राउटर मात्र माझ्या खोलीत, कपाटावर, छताला लागून ठेवला.

आई म्हणाली, "तिथे कशाला? ताई बसते स्वयंपाकघराच्या शेजारी."

"लहरी वर जातात, आई."

"मग ताईला पण कपाटावर बसवू का?"

संध्याकाळी पैलवान, आजोबा आणि प्रिंटरवाले येऊन गेले. सगळ्यांना ठणकावून सांगितलं, बंद म्हणजे बंद. फार मजा आली.

मग साडेसातला दार वाजलं. ती.

"तळमजला, नेट गेलं रे माझं." डोळ्यांत खरंच पाणी होतं. "आज नाही लागलं तर तो... तर फार पंचाईत होईल. काही कर ना."

माझ्या नेटशिवाय तिच्या डोळ्यांत पाणी येतं. हे वाक्य मी आज दिवसभरातलं सगळ्यात मोठं वाक्य म्हणून लिहितोय.

वडीत पाहुण्यांसाठी वेगळं नेट असतं. ते सुरू केलं. पण तिचा फोन जुना, डब्ल्यूपीए-३ त्याला कळतच नाही. म्हणून पाहुण्यांच्या नेटला जुनं कुलूप लावलं. नाव यादीत दिसू नये म्हणून लपवलं. ताईचं मशीन त्यापासून वेगळंच आहे, तिथे कोणी पोचू शकत नाही, मी स्वतः तपासलं. कागदावर बघाल तर घराबाहेरच्या कोणाला देऊ नका असं आहे. पण ती बरोबर डोक्यावर राहते. याला घराबाहेर म्हणायचं का?

ताईला सांगितलं नाही. बाबांनी जेवताना विचारलं, "झालं कुलूप? किल्ल्या?"

"सहा," मी म्हणालो. आणि नको असताना परत भात वाढून घेतला.

१४ तारीख, शुक्रवार

घाईघाईत लिहितोय. अक्षर बघा.

अकरा वाजता तपासणीच्या बाई व्हिडिओवर आल्या. केस घट्ट बांधलेले, आवाज त्याहून घट्ट. ताई खुर्चीत, मी मागे उभा, आई स्वयंपाकघरातून ऐकतेय, बाबा किल्ल्यांचं दुकान बंद ठेवून घरी थांबलेले.

राउटरचं मॉडेल? बरोबर. शेवटचा अपडेट? परवाचा! बाई म्हणाल्या, "छान." सेटिंगचा पासवर्ड? बदललेला. ऑफिसचं मशीन वेगळं? "हे कोणी केलं? लोकांना सहसा जमत नाही." ताईनं वळून माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा जमिनीपासून चार बोटं वर होतो, शपथ!

मग बाई म्हणाल्या, "पाहुण्यांच्या नेटचं पान उघडा."

ताईनं उघडलं. सुरू. लपवलेलं. जुनं कुलूप. त्यावर एक फोन.

"हे जुन्या कुलपावर का? आणि लपवलंय का?"

ताई म्हणाली, "मला... मला हे माहीतच नाही." तिचा हात पोटावर गेला.

"फोन कोणाचा आहे? घरातल्या कोणाचा?"

हो म्हटलं असतं, तर संपलं होतं. घरातलाच एक जुना फोन आहे, एवढंच म्हणायचं. बाई पुढे गेल्या असत्या. ते वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर होतं. पण ताई माझ्याकडे बघतच नव्हती. स्क्रीनकडे बघत होती, परीक्षेचा निकाल लागताना बघतात तशी. ती खरंच घाबरली होती, आणि माझ्यामुळे.

"वरच्या मजल्यावरच्या मुलीचा आहे," मी म्हणालो. "मी दिला. ताईला माहीत नव्हतं. आधीचा पासवर्डही मीच दिला होता, चार महिन्यांपूर्वी. त्यातून अख्ख्या बिल्डिंगमध्ये गेला. ताईनं कोणाला काही दिलेलं नाही, हवं तर तिचं मशीन तपासा."

बाबा माझ्याकडे बघत हातातल्या जुडग्यातल्या किल्ल्या एकेक करून मोजायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं.

बाईंनी काहीतरी लिहिलं. मग विचारलं, "तुम्ही काय करता?"

"काही नाही."

"पाच वाजता पुन्हा तपासते. पाहुण्यांचं नेट बंद हवं, आणि तो फोन पुन्हा जोडला जाणार नाही याची तुमची हमी हवी. तोपर्यंत निकाल राखून ठेवते."

बंद करायला एक टिचकी लागली. पण हमी कशी देणार? फोन हातात धरून दोन मोठे डोळे दारात आले, की मी काय करतो ते मला माहीत आहे. म्हणून वर जाऊन सांगणं भाग होतं. आज तिची सुट्टी असते. शुक्रवारी असते, हे मला माहीत आहे.

जिन्याच्या अठरा पायऱ्या. दार उघडंच होतं. ती फोन भिंतीला टेकवून बसली होती आणि फोन फिरवून फिरवून बघत होती, कारण समोरचं चित्र थिजलं होतं. मीच खाली टिचकी मारली होती ना! मग चित्र सुरू झालं, तिनं मोबाइलचा डाटा लावला असणार. स्क्रीनवर एक तरुण. डोक्यावर कामगारांची पिवळी टोपी, मागे क्रेन.

"थांब, तळमजला आलाय," ती त्याला म्हणाली.

"हाच का तो?" तो मोठ्यांदा हसला. वाईट हसला नाही, चांगलाच हसला. "दादा, तुझे उपकार आहेत बाबा! इथे कामावर तीन वर्षं अडकलोय, डाटा भरून भरून हिचा पगार संपायचा. तुझ्या नेटवरच आमचं लग्न ठरलंय, म्हण ना!"

मी म्हणालो, "अभिनंदन." आवाज बरोबर निघाला. कसा काय, माहीत नाही.

मग तिला सगळं सांगितलं. ताईचं काम, तपासणी, चिठ्ठी. तिनं दोन्ही हात तोंडावर नेले. "अरे देवा! आणि तू बोललास का नाहीस? मला वाटलं तुमच्याकडे भरपूर असतं, वाया जातं. ताईंची नोकरी जायची वेळ आली आणि मी मीटरमध्ये चिठ्ठ्या लावत बसले!" खरंच रडवेली झाली. यावेळचं पाणी ताईसाठी होतं.

"यापुढे मी देणार नाही," मी म्हणालो. "मागू नकोस. मागितलंस तरी देणार नाही." हे मी तिला म्हणालो! तिला!

"नाही मागणार. पण मग मी घेऊ कुठला? मला यातलं काही कळत नाही."

पाच वाजता बाई आल्या. पाहुण्यांचं नेट बंद. यादीत सहा. "हमी?" मी म्हणालो, "हमी." ताई पास.

आई रडली, बाबांनी दुकान उघडायला जाताना माझा खांदा दाबला. ताईनं उशिरापर्यंत राहिलेले रिपोर्ट टाईप केले. मग म्हणाली, "चमकवलेली सायकल मी पण रोज बघते रे, गाढवा," आणि मला जवळ घेतलं. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं?

१६ तारीख, रविवार

झोप लागली नाही, असं लिहायला हवं, पण लागली. उलट सकाळी उठून पहिलं काम केलं ते वही उलटीकडून उघडली. एक खोली, एक माणूस, एक जुना फोन, रोज तासभर व्हिडिओ. नवा तक्ता. लांब पोचणारा नको, तिला लांब जायचंच नाही, म्हणजे तिला जिथे जायचंय तिथे अँटेनानं जाता येत नाही. अपडेट सहा वर्षं. दोन अँटेना. आठ का नाहीत, असं तिनं विचारलं, तेव्हा मी केबलकाकांसारखं विचारलं, "तुझी खोली केवढी?" आणि मला स्वतःचाच हेवा वाटला, खरं सांगतो.

तिनं दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, नेटवाला दुपारी वायर टाकून गेला. काकांनी राउटर माझ्याच हाती पाठवला, आणि येताना शाळेजवळच्या दोन घरी जाऊन ये म्हणाले, त्यांचेही राउटर लावायचेत. उद्या सकाळी आणखी एक आहे. या धावपळीत सायकल पुसायला वेळच मिळाला नाही.

तिच्या खोलीत पहिल्यांदा पूर्ण आत गेलो. टेबलाखाली वाकून वायर लावली, कारखान्याचा पासवर्ड उडवला, ते भोकाचं बटण बंद केलं, अपडेट घातला. प्रत्येक गोष्ट का, ते सांगितलं. ती वहीत लिहून घेत होती, त्याच वळणदार अक्षरात. फोन भिंतीला टेकवून ठेवला होता, पिवळ्या टोपीवाला तिकडून ऐकत होता आणि मध्येच म्हणाला, "दादा, हे सगळं मला पण कळतंय, फार सोपं करून सांगतोस."

शेवटी पासवर्ड टाकायची चौकट आली.

"टाक तूच काहीतरी," ती म्हणाली. "तुला चांगला सुचेल."

"नाही. पासवर्ड ज्याच्या घरी त्यानंच टाकायचा. तू टाक. लांब टाक, पण तुला विसरता येणार नाही असा. आणि कोणाला सांगू नकोस. मलासुद्धा."

मी उठून खिडकीपाशी गेलो आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो. खाली आमचं आवार, ताईची वाळत घातलेली साडी, सायकल. मागे टिक टिक टिक सुरू झालं. मध्ये एकदा ती थांबली आणि हळूच हसली, मग परत टिक टिक.

किती अक्षरं होती ते मी मोजलं नाही. खरंच, दहाच्या पुढे मोजलं नाही.